एक टन की दीड टन? एसी घेण्याआधी करायचा हिशेब

एसीच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "खोली केवढी आहे?" आपण अंदाजाने सांगतो, "असेल दहा बाय बारा." लगेच उत्तर येतं, "मग दीड टन घ्या ताई, सगळे तेच नेतात." अर्ध्या मिनिटात चाळीसेक हजारांचा निकाल लागतो. खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकी कुठल्या दिशेला आहे, गाव कोणतं, हे कुणी विचारत नाही आणि आपल्यालाही सांगायचं सुचत नाही.

मी यात दोनदा फसले, आणि दोन्ही वेळा उलट्या दिशांना. पहिल्यांदा डोंबिवलीत. चार मजली इमारतीत दुसरा मजला, ११० चौरस फुटांची बेडरूम. दुकानदाराच्या शब्दावर दीड टनाचा, तोही बिनइन्व्हर्टरचा (कॉम्प्रेसर एकतर पूर्ण जोरात, नाहीतर बंद) एसी घेतला. खोली पाच मिनिटांत गार व्हायची, खट्ट आवाज करून कॉम्प्रेसर बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा खट्ट करून सुरू. रात्रभर हेच. गारवा होता, पण चादर हाताला दमट लागायची आणि पहाटे पांघरूण अंगावर घ्यावं तर चिकट, काढावं तर थंडी. पुढे बदली होऊन नागपूरला आले, तेव्हा शहाणपण शिकले होते ना, म्हणून मुद्दाम लहान, १ टनाचा घेतला. वरचा मजला, पश्चिमेची खिडकी, मे महिना. संध्याकाळी सहा वाजता एसी जीव तोडून चालतोय आणि खोलीतला काटा ३१ अंशांच्या खाली यायला तयार नाही.

मामेभाऊ इमारतींच्या एसीची कामं करतो. त्याने फोनवर तासभर घेतला आणि एका कागदावर मावणारा हिशेब शिकवला. तोच खाली देते आहे. हा इंजिनिअरचा काटेकोर हीट लोड नव्हे, घरगुती ढोबळ हिशेब आहे. एखाद-दुसऱ्या खोलीसाठी तेवढा पुरतो. हॉल आणि स्वयंपाकघर एकत्र असलेलं मोठं घर किंवा दुकान असेल, तर माहितगाराला बोलवा.

१. टन विसरा, वॅट वाचा

एसीच्या टनाचा त्याच्या वजनाशी संबंध नाही. हा शब्द बर्फाच्या धंद्यातून आला. एक अमेरिकन टन, म्हणजे २००० पौंड किंवा सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढायची ताकद म्हणजे १ टन. आजच्या मापात ती साधारण ३५०० वॅट. दीड टन म्हणजे ५२७५, दोन टन म्हणजे ७०३० वॅटच्या आसपास. काही जुनी माहितीपत्रकं बीटीयूमध्ये बोलतात, तिथे १२,००० बीटीयू म्हणजे १ टन.

हे वॅट खोलीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्णतेचे आहेत, विजेच्या बिलाचे नाहीत. दीड टनाचा चांगला एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड हजार वॅट वीज घेतो आणि पाच हजार वॅट उष्णता बाहेर टाकतो. या दोन आकड्यांत बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता.

वॅटमध्ये विचार करायचा फायदा असा की बाकी सगळं त्याच मापात येतं. ऊन, माणसं, कॉम्प्युटर, सगळ्यांची बेरीज करता येते.

२. हाताशी एवढं ठेवा

- मोजपट्टी (टेप). टाइल्स मोजून अंदाज करू नका.
- मोबाइलमधलं होकायंत्र. "आमची खिडकी पश्चिमेची" असं पुष्कळ जण पिढीजात खात्रीने सांगतात आणि ती निघते नैर्ऋत्येची किंवा वायव्येची.
- दीड-दोनशे रुपयांचा खोलीतला थर्मामीटर. आर्द्रता दाखवणारा मिळाला तर उत्तम.
- शेवटचं वीजबिल, त्यावरच्या मंजूर भारासाठी.
- भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी (व्हॉट्सअॅपवरचा होकार चालतो, पण जपून ठेवा). सोसायटी असेल तर बाहेरचं युनिट कुठे लावायचं त्याची परवानगी.

३. खोली मोजा, पण कुठपर्यंत ते आधी ठरवा

लांबी गुणिले रुंदी हे सगळ्यांना येतं. फसायला होतं ते कडांना. खोलीला लागून दार नसलेला पॅसेज असेल, तर तोही खोलीतच धरा, गार हवा तिकडे जाणारच. बेडरूमला बंद बाल्कनी जोडून घेतली असेल, तर ती धराच, कारण तिथे बहुधा तिन्ही बाजूंनी काच असते. भिंतीतली कपाटं वजा करत बसू नका.

उंची १० फुटांपर्यंत असेल तर काही करायचं नाही. जुन्या घरात १२ फूट असेल तर क्षेत्रफळाला १.२ ने गुणा. पोटमाळा असलेल्या खोलीत गरम हवा वर साठून राहते, तिथे मी उंचीचा हिशेब पूर्ण धरते.

हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर असेल, तर एक हजार वॅट सरळ वाढवा. तरीही चपात्या चालू असताना एसी थकणारच. त्यात एक्झॉस्ट फॅन चालू ठेवलात तर तो तुमचीच गार हवा पैसे मोजून बाहेर फेकतो.

४. डोक्यावर काय आहे ते पाहा

हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवते, कारण दोन सारख्याच खोल्यांमध्ये अर्ध्या टनाचा फरक इथेच पडतो.

नागपूरच्या त्या पहिल्या मे महिन्यात रात्री दहा वाजता मी स्टुलावर चढून छताला हात लावला. बाहेर ऊन जाऊन तीन तास झाले होते, आणि स्लॅब भाकरी काढून घेतलेल्या तव्यासारखा ऊबदार होता. काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि ती संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतं. म्हणजे आपण झोपायला जातो नेमकी तेव्हाच छताची पाळी सुरू होते. मग "रात्री तर गार असतं, तेव्हा एसीवर ताण कमी" हे वरच्या मजल्याला लागू होत नाही.

तुम्हीही हे करून पाहा. रात्री दहाच्या सुमारास छताला आणि मग आतल्या भिंतीला हात लावा. दोन्ही सारखे वाटले तर डोक्यावर कुणाचं तरी घर आहे असं समजा. छत गरम लागलं तर खालचा मोठा आकडा घ्या.

- डोक्यावर दुसरं घर: दर चौरस फुटाला २५ वॅट.
- डोक्यावर उघडी गच्ची: दर चौरस फुटाला ३५ वॅट.
- गच्ची आहे, पण तिला चुना, पांढरा रंग किंवा पांढऱ्या तुकड्यांची फरशी आहे: २८ वॅट.
- पत्र्याचं छत: हे आकडे लावू नका. आधी खाली फॉल्स सीलिंग आणि त्यात थर्माकोल किंवा ग्लासवूल घाला, मग एसीचा विचार करा. पत्र्याखाली दोन टनसुद्धा हरतो.

शेजारी, मित्र, कार्यालयातले सहकारी जो आकडा सांगतात तो त्यांच्या मजल्याचा असतो. "आमच्याकडे १३० फुटांत १ टन मस्त चालतो" हे खरंच असतं: १३० गुणिले २५ म्हणजे ३२५०, एका टनात बसलं. तीच खोली गच्चीखाली असली की १३० गुणिले ३५ म्हणजे ४५५०. आता दीड टन लागला. सांगणारा खोटं बोलत नव्हता, तो तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

५. खिडकी, माणसं, यंत्रं

खिडक्यांमध्ये पश्चिमेची सर्वांत वाईट. दुपारी तीन ते सहा ऊन आडवं येतं आणि थेट आत घुसतं. उघड्या काचेला दर चौरस फुटामागे ४० ते ५० वॅट, आतून जाड पडदा असेल तर २५, बाहेरून बांबूची चिक किंवा छज्जा असेल तर १० धरा. पूर्वेच्या खिडकीचं ऊन सकाळचं असतं. बेडरूम फक्त रात्री वापरत असाल तर तिचं काही धरू नका, दिवसा घरून काम करत असाल तर पश्चिमेसारखंच धरा. उत्तरेची खिडकी सोडून द्या. दक्षिणेचं ऊन आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात डोक्यावरून जातं, थोडासा छज्जाही पुरतो.

पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. तापलेला पडदा मग खोलीतच उष्णता सोडतो. म्हणून बाहेरची चिक आतल्या महागड्या ब्लॅकआउट पडद्यापेक्षा सरस ठरते.

दोन माणसं वरच्या आकड्यात धरलेली आहेत. पुढच्या प्रत्येकाला १२० वॅट. टीव्ही, कॉम्प्युटर, छोटा फ्रीज यांना ते जेवढी वीज घेतात तेवढेच वॅट, कारण घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. गेमिंगचा कॉम्प्युटर असलेल्या मुलाच्या खोलीत हा आकडा चारशेपर्यंत जातो, म्हणजे तीन पाहुणे कायमचे मुक्कामाला.

६. गावची हवा

डोंबिवली आणि नागपूर यांचा उन्हाळा दोन वेगळ्या जातींचा आहे, आणि एसीला दोन्हीकडे वेगळं काम पडतं.

डोंबिवलीत माझी बहीण अजून त्याच इमारतीत राहते. तिच्याकडे १ टनाचा इन्व्हर्टर आहे. जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या बेतात असताना, आम्ही गंमत म्हणून एसीच्या पाण्याच्या नळीखाली लिटरची बाटली धरली. ती तासाभराच्या आत भरली. तासाला एक लिटर वाफ पाण्यात उतरवायला जवळपास ७०० वॅट खर्ची पडतात. म्हणजे तिच्या ३५०० वॅटपैकी पाचवा हिस्सा हवा गार करण्यात नाही, हवा कोरडी करण्यात जात होता. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात आराम वाटतो तो या पाचव्या हिश्श्यामुळे.

माझा तिथला दीड टनाचा एसी इथेच नापास झाला. हवा कोरडी व्हायची तर एसीने सलग चालायला हवं, म्हणजे आतली कॉइल गार राहते आणि पाणी निथळून नळीतून जातं. मोठा एसी पाच मिनिटांत तापमान गाठून बंद पडतो, पंखा मात्र फिरत राहतो, आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीतच उडून जातं. दमट गावात म्हणूनच "थोडा मोठा असलेला बरा" हा सल्ला उलटा पडतो.

नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव इकडे मे महिन्यात त्याच नळीतून थेंब थेंब पाणी येतं. हवा आधीच कोरडी. इथे अडचण बाहेरच्या युनिटची असते. एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) बाहेर ४५ असतात, गच्चीवर भिंतीला चिकटलेल्या युनिटभोवती त्याहून जास्त. तेवढ्या तापात साध्या एसीची ताकद अंदाजे दहा टक्क्यांनी उतरते. आणि ती उतरते नेमकी आपल्याला सर्वांत जास्त हवी असते तेव्हा. म्हणून विदर्भ-खानदेशात आलेल्या बेरजेला ०.९ ने भागा. पुणे, नाशिक, कोल्हापूरकरांना याची गरज नाही.

विदर्भात नव्याने आलेल्यांना एक सांगते: कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी लावू नका. दोन्ही मिळून दुप्पट गार होईल असं वाटतं. कूलर पाणी हवेत सोडतो आणि एसी तेच पाणी पैसे खर्चून बाहेर काढत बसतो.

७. आता बेरीज

माझी नागपूरची खोली घ्या. १३ बाय १२, म्हणजे १५६ चौरस फूट. उघडी गच्ची. पश्चिमेला पाच बाय चारची खिडकी, आतून पडदा. माणसं तीन.

छत आणि क्षेत्रफळ: १५६ × ३५ = ५४६०
खिडकी: २० × २५ = ५००
तिसरं माणूस: १२०
बेरीज: ६०८०
नागपूरच्या उन्हाळ्यासाठी ÷ ०.९ = सुमारे ६७५०

म्हणजे जवळपास दोन टन. आणि मी लावला होता एक! भावाने कागद पाहून एवढंच विचारलं, "ताई, हा एसी आहे की टेबल फॅन?"

उत्तर दोन टन आलं म्हणून मी दोन टन घेतला का? नाही. आधी गच्चीवर गेले.

८. आधी ऊन अडवा, मग एसी घ्या

घरमालकांना विचारून स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारून घेतले, त्यात चिकटण्यासाठी फेविकॉल घातला. पांढऱ्या परावर्तक रंगाचे तयार डबेही मिळतात, ते महाग पण जास्त टिकतात. चुना दर उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावावा लागतो. खिडकीला बाहेरून बांबूची चिक. दाराखाली रबरी पट्टी. तिन्ही मिळून खर्च एसीच्या किमतीच्या दहाव्या भागापेक्षा कमी आला.

पुन्हा तोच हिशेब:

छत: १५६ × २८ = ४३६८
खिडकी: २० × १० = २००
तिसरं माणूस: १२०
बेरीज: ४६८८, ÷ ०.९ = सुमारे ५२००

दीड टनात बसलं. त्या रात्री पुन्हा स्टुलावर चढून छताला हात लावला. गार नव्हतं, पण तवाही नव्हता.

बेरीज दोन मापांच्या मधोमध आली, समजा ४२००, तर काय करायचं? समुद्राजवळ राहत असाल आणि बेरीज खालच्या मापाच्या जवळ असेल तर खालचं माप घ्या. कोरड्या तापलेल्या गावात वरचं घ्या, पण इन्व्हर्टर. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू चालू शकतो, त्यामुळे थोडा मोठा झाला तरी तो खट्ट-खट्ट करत नाही. मात्र थोडा मोठा. ११० फुटांत दोन टनाचा इन्व्हर्टरही सर्वांत हळू चालूनही जास्तच पडतो आणि शेवटी बंद-चालू करतो.

९. दुकानात: लेबल तुम्ही वाचा

बेरजेचा कागद खिशात ठेवून जा, आणि टन सांगू नका. वॅट सांगा. विक्रेता क्षणभर बघत राहील, बघू दे.

बीईईच्या (वीजबचतीचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तारांकित लेबलवर पूर्ण भाराची कूलिंग क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. ती बघा. "दीड टन" म्हणून मांडलेल्या मशिनांमध्ये एखादं ५२०० वॅटचं असतं, एखादं ४७०० चं. पाचशे वॅटचा फरक म्हणजे एका पश्चिम खिडकीचं ऊन. ०.८ टन, १.४ टन अशीही मापं मिळतात आणि बोलताना ती सहज १ आणि दीड होऊन जातात.

दुसरा सापळा "कमाल क्षमतेचा". जाहिरातीत ११० किंवा १२० टक्क्यांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. ती थोड्या वेळासाठीची धाव असते. हिशेब १०० टक्क्यांच्या आकड्याशीच जुळवा. चार-पाच पद्धतींनी क्षमता बदलणारे "कन्व्हर्टिबल" एसी वाईट नाहीत, रात्री दोन माणसं असताना ६० टक्क्यांवर ठेवायला बरे पडतात. पण त्यासाठी चार हजार जास्त मोजावेत असं मला वाटलं नाही, इन्व्हर्टर ते काम बऱ्यापैकी आपणहून करतो.

तारे बघताना लेबलवरचा कालावधीही बघा. नियम अधूनमधून कडक होतात, जुलै २०२२ मध्ये झाले तेव्हा आदल्या दिवशीचे पाच तारे दुसऱ्या दिवशी चार झाले. गोदामातला जुना पाच तारा आणि नवा पाच तारा सारखे नसतात. ताऱ्यांपेक्षा आयएसईईआर हा आकडा खरा: हंगामभरात बाहेर काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज. जितका मोठा तितका चांगला. शेजारीच वर्षाची युनिटं छापलेली असतात, ती वर्षाला १६०० तास वापर धरून. तुम्ही वर्षातून दोन महिने रात्रीपुरताच लावणार असाल तर तीन तारे पुरतात. नागपुरात मार्च ते जून दुपार-रात्र चालणार असेल तर पाच तारे फरक भरून देतात.

आणि "५२ अंशांपर्यंत चालतो" असं लिहिलेलं असेल तर एकच प्रश्न विचारा: तेव्हा वॅट किती देतो? चालणं वेगळं आणि गार करणं वेगळं.

१०. वीज आणि कागद

दीड टनाला सात-आठ अँपिअर लागतात. वेगळा पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग हवं. जुन्या घरात गीझरच्या पॉइंटवरून ओढून देतो म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा. वीजबिलावरचा मंजूर भार बघा. दुसरा एसी लागला की बहुतेकांचा तो ओलांडला जातो, मग भारवाढीचा अर्ज करावा लागतो.

बिलावर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही युनिटांचे सीरिअल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी एकच नंबर असला की हेलपाटे पडतात. बसवण्याचा खर्च, स्टँड, जादा पाइप आणि भिंतीचं भोक यांचा दर आधी विचारा, कारण एसीसोबत बहुधा तीन मीटरच पाइप येतो.

११. बसवताना तिथे उभे राहा

बरोबर मापाचा एसी चुकीच्या जागी लावला की लहान होतो. आमच्या शेजाऱ्यांनी बाहेरचं युनिट ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या मागे कोंबलं. ते स्वतःनेच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत होतं. दीड टन, पण काम सव्वाचंही नाही. बाहेरच्या युनिटपुढे मोकळी जागा हवी, मागे निदान वीतभर. सावली मिळाली तर सोनंच, पण वरून ताडपत्री गुंडाळून नव्हे.

पाइप जितका आखूड तितकं बरं. आतलं युनिट खोलीच्या लांबीच्या दिशेने हवा फेकेल असं लावा, उशीवर नाही. पाण्याच्या नळीला उतार द्या आणि ती खालच्या घराच्या बाल्कनीत सोडू नका, भांडण मोफत मिळतं.

एक गोष्ट मात्र अडून करून घ्या: व्हॅक्यूम पंप. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि बाष्प पंपाने ओढून काढायचं असतं. घाईतला मेकॅनिक थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतो आणि "झालं" म्हणतो. आमच्याकडे आलेला म्हणाला, "मशिन गाडीतच राहिली न ताई, काही फरक पडत नाही." गाडी खाली उभी होती. मी त्याला खाली पाठवलं. पंप पंधरा-वीस मिनिटं चालायला हवा, तेवढा वेळ तिथून हलू नका.

भाडेकरूंसाठी: घर बदलताना एसी काढायच्या आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. हे न करता पाइप कापला तर नव्या घरी गॅस भरण्याचा खर्च ठरलेला.

१२. पहिल्या आठवड्यात तपासा

दुपारी चार वाजता, सर्वांत वाईट वेळी, एसी २६ वर ठेवा आणि थर्मामीटर पलंगाच्या उंचीवर, एसीच्या झोतापासून लांब ठेवा. तासाभरात २६-२७ आलं तर माप बरोबर. मग थर्मामीटर एसीच्या तोंडाशी धरा आणि नंतर वरच्या जाळीशी, जिथून तो हवा ओढतो. दोन्हींत दहा-बारा अंशांचा फरक असायला हवा. फरक ठीक आहे पण खोली गार होत नाही, तर एसी लहान आहे किंवा हवा कुठून तरी गळतेय. फरकच पाच-सहा आहे, तर गॅस किंवा बसवण्यात चूक आहे, लगेच तक्रार नोंदवा. खोली गार आणि काटा आर्द्रता ६५ च्या वर दाखवतोय, तर एसी मोठा झाला. मग पंखा "लो" वर ठेवा, तापमान २६ करून छताचा पंखा लावा, ड्राय मोड वापरून पाहा. बरंच सावरतं.

१६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, उशिरा थांबते एवढंच. तारांकित एसी जानेवारी २०२० पासून चालू करताना आपोआप २४ वर यावा असा नियमच आहे. आमच्याकडे २६ आणि पंखा, एवढ्यावर भागतं.

माझा तो १ टनाचा एसी वाया गेला नाही. आतल्या बाजूला ९० फुटांची लेकीची अभ्यासाची खोली आहे, खिडकी उत्तरेची, वर तोच चुना मारलेला स्लॅब. ९० × २८ म्हणजे २५२०, ÷ ०.९ करून २८००. तिथे तो आता निवांत चालतो.